सिनेमातली तीच

४ फेब्रुवारी, दुपार

करायला नको होतं ते केलंय. इथे लिहून टाकतो, मग जेवतो.

मामा बँकेत, मामी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, वाइनच्या दुकानात मी एकटा. गेला आठवडाभर जो येतो तो एकच विचारतो, त्या सिनेमातली वाइन आहे का. कुठली, तर लाल. नाव, तर आठवत नाही. बाटली उंच की बुटकी, तेही नाही. गच्चीवर दोघं स्टीलच्या मगातून पितात बघ, ती. स्टीलचा मग आठवतो, हिरोचा शर्ट आठवतो, वाइन नाही. शेवटी आज एक बाई म्हणाल्या, बाटलीच्या मानेवर काहीतरी हिरवं होतं.

एवढंच पाहिजे होतं मला.

मागच्या खोलीत फरशी पुसायच्या बादलीमागे हिरव्या तोंडाच्या बाटल्या पडून आहेत. बुचावरून हिरवं मेण ओतलेलं असतं, ते मानेपर्यंत ओघळून सुकलेलं. कुणी घेत नाही. धूळ इतकी की बोटाने नाव लिहिता येतं. (लिहिलं होतं. पुसलं.) बाटल्या चकाचक केल्या, दारासमोरच्या टेबलावर मांडल्या, खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर स्केचपेनने लिहिलं, सिनेमातली तीच.

सिनेमा मी बघितलेला नाही. ट्रेलर बघितलाय, अर्धा. ट्रेलरमध्ये सगळं चांगलं चांगलं घेतात, त्यामुळे उरलेलं न बघून माझं काही अडलेलं नाही.

४ फेब्रुवारी, दुकान बंद केल्यावर

टेबल रिकामं. सगळ्या गेल्या.

वाईट वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही. परत भूक लागली.

५ फेब्रुवारी

मामाने पुठ्ठा बघितला. हे काय, म्हणाला. मी म्हणालो, मार्केटिंग. तो पुठ्ठा हातात घेऊन जवळ आला. मग हळूच विचारलं, खरंच तीच आहे का रे. मी म्हणालो, तू सिनेमा बघितलास का. नाही म्हणाला. मी म्हणालो, मग.

त्याने पुठ्ठा होता तिथे परत ठेवला. 

मामी म्हणाली, तिकडे पाट्या बदलल्यास म्हणून इकडे पाठवला, इकडे येऊन पाट्याच लिहितोयस. त्या पाट्यांचा उल्लेख ती आठवड्यातून एकदा तरी करते. कॉलेजात प्राचार्यांच्या खोलीची पाटी आणि संडासाची पाटी, एवढीच अदलाबदल केली होती. त्याच दिवशी तपासणीचे पाहुणे येणार हे मला कुणी सांगितलं होतं? पाहुण्यांतले एक जण आत जाऊन बसले आणि प्राचार्य दार वाजवत राहिले, यात माझा काय दोष. कॉलेजने काढलं. बाबांनी इकडे पाठवलं. रविवारी बाबांचा फोन येतो. मामाशी बोलतात. मी तिथेच उभा असतो, स्टूल वगैरे सरकवत.

ठरवलंय, या दुकानाला असं वर काढायचं की बाबा फोनवर म्हणतील, दे त्याला जरा.

७ फेब्रुवारी

हिरवे आजोबा आले होते. हे नाव मी ठेवलंय, कारण त्यांची नखं हिरवी असतात. ती मेणाची वाइन तेच बनवतात. टेकडीवर छोटीशी द्राक्षबाग आहे, एकटेच असतात. बंपर वाकलेल्या व्हॅनमधून खोकी आणतात, उतरवून झाली की सीट मागे पाडून गाडीतच झोपतात, आणि असे घोरतात की शेजारचा शिंपी मशीन थांबवून काचेवर टकटक करतो.

आज माल आणायला नाही, परत न्यायला आले होते. मामानेच मागे बोलावलं होतं, पडून राहिलाय म्हणून. हा त्यांचा शेवटचा हंगाम. शेजारचा गोडाऊन बांधणारा बागेची जमीन मागतोय, मुलाला बागेत रस नाही, देऊन टाकायची असं ठरलंय.

मागच्या खोलीत जाऊन उभे राहिले. फक्त बादली. कुठे ठेवल्यास माझ्या बाटल्या, म्हणाले. मामा म्हणाला, काका, संपल्या. कशा संपल्या? विकल्या गेल्या. कुणाला? लोकांना.

आजोबा खोक्यावर बसले. विचारलं, काय म्हणाली लोकं?

मामाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, तुमची बाटली सिनेमात आलीये आजोबा. ते म्हणाले, माझी? तिथे कुणी नेली? मी म्हणालो, सिनेमावाले गुपचूप येऊन घेऊन जातात, सांगत नाहीत. हे कुठून सुचलं मला माहीत नाही, आपोआप आलं तोंडात. पण पुढचं मी नाही केलं. पुढचं त्यांनीच केलं. म्हणाले, अरे हो, मागे एक माणूस आला होता, काळा चष्मा, अंगणात गाडी उभी करून सहा बाटल्या घेऊन गेला, भाव केला नाही. मी तेव्हाच बायकोला म्हणणार होतो, हा साधा माणूस नाही. मग आठवलं, ती नाही आता.

मग हिरव्या मेणाचं सांगितलं. मेणवाल्याने एकदा लालऐवजी चुकून हिरवं दिलं. हे परत करायला निघाले तर बायको म्हणाली, राहू दे, लांबून ओळखू येतं. तेव्हापासून हिरवं.

जाताना नेहमीसारखे गाडीत झोपले नाहीत. सरळ गेले. शिंपी बाहेर येऊन विचारून गेला, म्हातारा बरा आहे ना.

१० फेब्रुवारी

नवीन खोकी आली. गेली. परत आली.

आता मी साधा पोऱ्या राहिलेलो नाही. कन्सल्टंट आहे. सिनेमा आणि वाइन यांच्यामधला माणूस. असा कुणी आजवर नव्हता, मी विचार करून बघितला.

१५ फेब्रुवारी

चष्मेवाल्या काकू आल्या. पुठ्ठा वाचला. बाटली हातात घेतली, उलटी केली, मेणावर नख मारून बघितलं. म्हणाल्या, पण अरे, सिनेमात ती हिरवी बाटली तर ती...

मी म्हणालो, काकू, शेवटच्या चार राहिल्यात.

त्यांनी चारही घेतल्या. गिऱ्हाइकाला वाक्य पूर्ण करू द्यायचं नाही, हा माझा स्वतःचा शोध आहे. कुठे तरी लिहून ठेवायला हवा. लिहिलाच की.

१९ फेब्रुवारी

डेंटिस्ट आला. शहाणा माणूस. बाटली उजेडात धरतो, जणू आत कीड शोधतोय. विचारलं, हिचा स्वभाव कसा आहे. मी म्हणालो, लाजरी आहे, उघडल्यावर दहा मिनिटं एकटं सोडा, मग बोलायला लागते. शेवटी शेवटी जरा जुन्या दप्तराचा वास येतो, तो घालवू नका, तीच तर मजा आहे. डेंटिस्ट डोळे मिटून हो हो करत राहिला. सहा नेल्या.

मी वाइन कधी चाखलेली नाही. चव आवडणार नाही असं वाटतं. पण त्याने माझ्या कामात फरक पडत नाही. डेंटिस्टच्या तरी स्वतःच्या दाढा कुठे दुखतात.

ठरवलंय, सिनेमा बघून घ्यायचा. पुढच्या आठवड्यात.

२३ फेब्रुवारी

रविवार. बाबांचा फोन. मामा म्हणाला, अहो, पोरगं चाललंय चांगलं, दुकानात गर्दी आहे. पलीकडून काही तरी बोलले. मामा हं हं म्हणाला. ठेवला.

मी विचारलं नाही काय म्हणाले. मामाने सांगितलं नाही. मामीने सूप वाढलं. गरम होतं, जीभ भाजली, त्याचंही विशेष वाटलं नाही.

सिनेमा राहिला. गर्दी फार असते म्हणे.

२६ फेब्रुवारी

हिरवे आजोबा नवीन शर्ट घालून आले. इस्त्री केलेला, पण बटण एक घर चुकलेलं. मामीने सांगितल्यावर म्हणाले, आरशात बघायची सवय गेलीये.

त्यांनी गोडाऊनवाल्याला नकार दिला. जमीन द्यायची नाही. वरच्या तुकड्यात नवीन वेली लावल्या. स्वतः खड्डे खणले, पाठ धरलीये, मलम लावून आले होते, सगळ्या दुकानात वास. द्राक्षं धरायला तीन वर्षं लागतात म्हणाले. मामी म्हणाली, काका, या वयात? ते म्हणाले, या वयातच, नंतर कधी.

मग मला बाजूला घेतलं. पोरा, तुला सिनेमातलं कळतं, एक सांग. सिनेमा एकदा निघाला की राहतो ना? मी म्हणालो, राहतो. कायमचा? मी म्हणालो, कायमचा आजोबा, तो काही पुसता येत नाही.

त्यांनी मान हलवली. गाडीत जाऊन झोपले. घोरले. शिंप्याने टकटक केलं नाही आज.

मी पुसलेल्याच बाटल्या परत पुसल्या. 

६ मार्च

नवीन सिनेमा आलाय. त्यात हिरो गुंड आहे आणि पांढरी वाइन पितो, बर्फ टाकून, बशीतून. बशीतून का, ते कुणालाच माहीत नाही. पण सकाळपासून सात-आठ लोक पांढरी मागून गेले आणि दोघांनी विचारलं, बशा ठेवता का.

डेंटिस्टही आला. पांढरी नेली. म्हणाला, लाल जडच असते रे, माझ्या कधी पचनी पडलीच नाही. मी म्हणालो, त्या सहा कशा होत्या? म्हणाला, कुठल्या सहा?

हिरव्या टेबलाकडे आज एकच माणूस गेला. त्याने तिथे छत्री ठेवली.

९ मार्च

खप बंद. मामाने बाटल्या परत मागच्या खोलीत ठेवायला सांगितल्या. मी म्हणालो, पुठ्ठा बदलून बघतो, अजून जीव आहे त्यात. नवीन पुठ्ठ्यावर लिहिलं, सिनेमातली तीच, जुन्या. मामीने वाचून डोकं हलवलं. नवीन चष्म्यातून तिला आता सगळंच दिसतं.

मामा म्हणाला, काकांना सांगायला पाहिजे, आता माल आणू नका म्हणून. आणि जमिनीचंही बघा म्हणावं, गोडाऊनवाला अजून थांबलाय तोवर. मी म्हणालो, सांग की. तो म्हणाला, मी का सांगू? पुठ्ठा कुणी लिहिला?

हा माणूस माझ्या आईचा सख्खा भाऊ आहे.

ठरवलंय. येतील तेव्हा सगळं सांगायचं. एका दमात, पहिल्या वाक्यात. वाक्य तयार आहे: आजोबा, ती तुमची बाटली नव्हती. सहा शब्दसुद्धा नाहीत. होऊन जाईल.

१२ मार्च

आले. वाक्य तोंडात तयार होतं.

खोकं खाली ठेवत म्हणाले, अरे, तो सिनेमा शुक्रवारपासून काढणार आहेत म्हणे. मी अजून बघितलाच नाही. शेवटचा कधी सिनेमा बघितला तेही आठवत नाही. तू येशील का माझ्याबरोबर? तुझा बघून झालाय, तुला कंटाळा येईल.

मी म्हणालो, परत बघायला मला चालतं.

वाक्य गिळलं. नाइलाज होता. मध्येच दुसरं बोलणं निघालं की एक दमात सांगता येत नाही.

शिवाय शक्यता बघ. हिरवं होतं, हे त्या बाईंनी स्वतः बघितलंय. समजा खरोखर तीच बाटली निघाली तर? काळ्या चष्म्याचा माणूस काही मी जन्माला घातलेला नाही. मी जितका विचार करतोय तितकं मला ते पटत चाललंय. मला वाटतं आपण उगाच स्वतःला दोष देत होतो.

१३ मार्च, सकाळ

दुपारचा खेळ आहे. तयारी पूर्ण.

पहिला प्लॅन, बाटली त्यांचीच निघते. मग काही करायचंच नाही. दुसरा प्लॅन, तो सीन आला की मी पॉपकॉर्न त्यांच्या अंगावर सांडतो, ते झटकेपर्यंत सीन जातो. तिसरा, ते झोपतात. दुपारची वेळ, मऊ खुर्ची, अंधार. व्हॅनच्या सीटवर झोपणारा माणूस तिथे दहा मिनिटं टिकणार नाही.

यातलं काहीतरी लागूच पडेल. इतकी तयारी मी परीक्षेलाही केली नव्हती.

१३ मार्च, संध्याकाळ

तिसरा लागू पडला. म्हणजे झालं सगळं नीट.

तरी लिहून ठेवतो.

हॉलमध्ये आम्ही दोघं, पुढे एक जोडपं, मागच्या रांगेत शाळा बुडवून आलेली पोरं. आजोबांनी तोच नवीन शर्ट घातला होता. बटणं बरोबर होती. पॉपकॉर्न मांडीवर घेऊन ताठ बसले, वर्गात बसल्यासारखे. पडद्यावर नावांच्या पाट्या पडायला लागल्यावर कानात म्हणाले, माझं नाव येतं का रे यात? मी म्हणालो, बाटल्यांची नावं घेत नाहीत. बरोबर आहे म्हणाले.

मी बघत होतो ते पहिल्यांदाच. सिनेमा वाईट नाही. ट्रेलरमध्ये बरंच सोडलं होतं.

इंटरव्हलनंतर त्यांचे डोळे मिटले. मी निर्धास्त झालो, पॉपकॉर्न त्यांच्या मांडीवरून उचललं.

मग स्वयंपाकघराचा सीन आला. हिरोइन कपाट उघडते. त्यात एक बाटली. मान हिरवी. मेण की कागद ते कळलं नाही, पण हिरवी, हिरवीगार, अख्ख्या पडद्याएवढी. नवरा विचारतो, हे काय. ती म्हणते, सासूबाईंचं औषध. बूच काढते, वास घेते, नाक मुरडते, आणि दोन्ही हातांनी बाटली धरून बेसिनमध्ये उलटी करते. पूर्ण. शेवटच्या थेंबापर्यंत. गटगट गटगट, सगळ्या हॉलभर. स्पीकर चांगले आहेत तिथले. मागची पोरं खिदळली. पुढचं जोडपंही हसलं.

मग ती दुसरी बाटली घेते, साध्या काळ्या मानेची, आणि दोघं गच्चीवर जातात. स्टीलचे मग.

म्हणजे काकू तेच सांगत होत्या. म्हणजे एवढ्या सगळ्या लोकांनी हे बघितलं, हसले, घरी गेले, आणि माझ्याकडे येऊन ओतून दिलेलीच बाटली मागून नेली. डेंटिस्टने सहा नेल्या. एकालाही आठवलं नाही. फक्त हिरवं आठवलं. तिची बायको म्हणाली होती, लांबून ओळखू येतं.

चुकलं. आजोबांची बायको.

मी आजोबांकडे बघितलं. डोळे मिटलेलेच. हात मांडीवर, पॉपकॉर्नचा डबा धरल्यासारखे, पण डबा माझ्याकडे होता. घोरत नव्हते. स्पीकर एवढे मोठे होते, घोरणं ऐकू आलं नसणार.

दिवे लागल्यावर डोळे उघडले. म्हणाले, डोळा लागला बघ माझा. आली का माझी बाटली?

मी म्हणालो, आली.

कशी दिसत होती?

मी म्हणालो, मोठी. पडदाभर. हिरोइनने दोन्ही हातांनी धरली होती.

दोन्ही हातांनी, म्हणाले. बरं.

बसस्टॉपपर्यंत चालत आलो. त्यांना गाडी लांब लावावी लागली होती. वाटेत एकदा म्हणाले, खुर्च्या छान आहेत. मी म्हणालो, हो.

त्यांना कळलं नाही. हे सगळ्यात चांगलं झालं.

१४ मार्च

काही नाही.

१६ मार्च

रविवार. बाबांचा फोन. मामाने चक्क माझ्याकडे दिला. बाबा म्हणाले, ऐकलं दुकान चालतंय तुझ्यामुळे. मी हो म्हणालो. म्हणाले, नीट काम करतोस ना, आधीसारखं काही नाही ना? मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, बरं, दे मामाला.

इतके दिवस वाट बघत होतो. कानाला फोनचा घाम लागला, तो पुसला. बस.

१७ मार्च

सगळे पुठ्ठे फाडले. मध्ये पांढरीसाठी लिहिला होता तो बशीवाला पण. मामा म्हणाला, तो कशाला, तो चालतोय की. मी म्हणालो, बशीवाला सिनेमा मी बघितलेला नाही.

मामाने विचारलं, मग काकांना सांगितलंस का? मी म्हणालो, सांगतो. ठरवलंय.

२१ मार्च, दुपार

आजोबा आले. एकच खोकं. मी उघडलं. बाटल्यांच्या माना काळ्या. साध्या, नीट, कुठे ओघळ नाही.

मामाने विचारलं, मेण बदललं का काका? ते म्हणाले, हिरवं संपलं. मामी म्हणाली, आणायचं की. ते म्हणाले, एका खोक्यासाठी कुठे आणायचं.

मग सांगितलं. गोडाऊनवाल्याला होकार दिलाय. महिनाअखेरीस तो ताबा घेईल. ते मुलाकडे जातील, तिथे खोली रिकामी आहे, टीव्ही मोठा आहे म्हणे. मामा म्हणाला, आणि नवीन वेली? उपटल्या, म्हणाले. मूळ धरलं नव्हतं फारसं, लगेच आल्या.

मी बाटल्या मांडत होतो. एकीचं लेबल सरळ करायला बराच वेळ लागला.

मामा-मामी पुढे गिऱ्हाईक आलं म्हणून गेले. आजोबा मागच्या खोलीत बादलीजवळ स्टुलावर बसले. खिशातून बूच काढायचा स्क्रू काढला, एक काळी बाटली उघडली, चहाच्या कपात ओतली, माझ्यापुढे धरली. म्हणाले, पोरा, इतकी विकलीस, तुला कशी लागते?

लाजरी, दप्तर, दहा मिनिटं एकटं सोडा, सगळं जिभेवर होतं. मी प्यायलो. पहिल्यांदा. म्हणालो, आंबट आहे.

आजोबा हसले. मी त्यांना हसताना आधी बघितलं नव्हतं, खालचे दात नाहीत. म्हणाले, आंबटच आहे. पहिल्यापासून आंबट आहे. इतक्या वर्षांत खरं सांगणारा तू दुसरा. पहिली माझी बायको.

मी म्हणालो, आजोबा, तो सिनेमा...

ते म्हणाले, झोप लागली होती रे मला. चांगली झोप लागली. आणि कप माझ्याकडे परत सरकवला.

जाताना व्हॅनमधून तेलाचा एक पत्र्याचा डबा काढला, त्यात माती आणि काठीसारखं काहीतरी. नवीन वेलींतली एक. दाराबाहेर ठेवली. म्हणाले, पाणी घाल. तिच्यासमोर सिनेमाच्या गप्पा मारू नकोस, बिघडेल.

मग गाडीत बसले, सीट मागे पाडली आणि झोपले. घोरले. शिंप्याने मशीन थांबवलं, बाहेर येऊन काचेपाशी उभा राहिला, टकटक न करता माझ्याशेजारी आला. आम्ही दोघांनी रस्त्यावर उभं राहून ऐकलं. हॉलमध्ये स्पीकर कितीही मोठे असते तरी हे ऐकू आलं असतं.

२१ मार्च, संध्याकाळ

डब्याला पाणी घातलं. काठी आहे अजून. पानं कधी येतील माहीत नाही, विचारायचं राहिलं.

दुकानात एक बाई आल्या, काळ्या मानेची बाटली उचलून म्हणाल्या, अय्या, ही त्या सिनेमातली, गच्चीवरची ना? मी म्हणालो, नाही. त्यांनी ठेवून दिली आणि बर्फाची पांढरी घेतली.

ही वही मी कुणासाठी लिहीत नाही. पण गादीखाली ठेवतो आणि मामी गाद्या उन्हात घालते, तेव्हा वाचणारा कुणी असेलच तर त्याच्या पाया पडतो. मामाला सांगू नका की मी सिनेमा न बघताच पुठ्ठा लिहिला होता, त्याला ते माहीत आहे पण कुणी सांगितलं तर त्याला काहीतरी करावं लागेल. बाबांना तर काहीच सांगू नका, त्यांचं आत्ताच बरं चाललंय. आणि हिरव्या आजोबांना, मुलाकडच्या त्या खोलीत कुणी भेटायला गेलंच तर, एवढं एक सांगू नका की ते जागे होते हे मला कळलंय. त्यांना वाटतंय की मला वाटलं ते झोपले होते. राहू दे तसंच. कुणालाच सांगू नका.